कवेलूचं घर रेंडर करताना या चुका टाळा

दारव्ह्याजवळचं आजोळचं कौलारू घर मी ब्लेंडर या थ्रीडी चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं, ओसरीत बल्ब टांगला आणि त्याला 60 वॅट दिले. रेंडर, म्हणजे संगणकानं बनवलेलं चित्र, सगळं पांढरंफटक. मामांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, "काबे, आपल्या घरी एवढा उजेड कधी होता?"

मामांचं खरं होतं. जुन्या बल्बवरचे 60 वॅट म्हणजे तो खात असलेली वीज. त्यातली बहुतेक उष्णतेत जायची. ब्लेंडरचे वॅट म्हणजे बाहेर पडणारा उजेड. तेवढ्याच उजेडाच्या 800 लुमेनच्या (लुमेन म्हणजे बल्बमधून निघणाऱ्या उजेडाचं माप) एलईडी बल्बला ब्लेंडरचं मॅन्युअल 2.1 वॅट सुचवतं.

2.1 टाकले की ओसरी काळीकुट्ट होते. इथे हात शिवशिवतात, पण बल्ब वाढवू नका. मे महिन्यात दुपारी अंगणात 1,00,000 लक्सच्या (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) घरात ऊन असतं. रात्री बल्बखालच्या चटईवर 100 लक्ससुद्धा नसतात. हा फरक दहा स्टॉपहून जास्त आहे; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. उन्हातून माजघरात शिरल्यावर डोळा घटकाभरात सावरतो, कॅमेऱ्याला ते सांगावं लागतं. सूर्य 1000 वॅट प्रति चौरस मीटर, बल्ब 2.1, दोन्ही तसेच राहू द्या आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ घ्यायचं ते स्टॉपमध्ये सांगणारी सेटिंग, हलवा: भर दुपारच्या फ्रेमला उणे 8 च्या आसपास, रात्रीच्या फ्रेमला शून्याच्या बरंच वर.

तरीही बल्ब मिणमिणता आणि ऊन मात्र बरोबर? मग घराचं माप तपासा. घर 10 पट मोठं झालं असेल तर बल्बचा उजेड भिंतीवर 100 पट कमी पोचतो; सूर्याला अंतराचं काही नाही.

चुन्याच्या भिंतीला शुद्ध पांढरा, म्हणजे 1.0, रंग देऊ नका. 0.8 पुरे.

आणि माझी आवडती चूक, कवडसे. कवेलूची फट वाकडीतिकडी असली तरी शेणानं सारवलेल्या जमिनीवर कवडसा गोल पडतो, कारण ते सूर्याचंच चित्र असतं. सूर्य आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून 3 मीटर उंचीवरच्या बारीक फटीचा कवडसा पावणेतीन सेंटिमीटरचा होतो. ब्लेंडरमधल्या सूर्याचा, म्हणजे सन लाइटचा, अँगल (सूर्य किती अंश रुंद ते) 0 ठेवला तर जमिनीवर फटीचाच आकार उमटतो. सावल्या मऊ दिसाव्यात म्हणून 5 केला तर कवडसा टोपल्याएवढा पसरून विरतो. 0.526 हा मूळ आकडा असतो, तो मी उगाच बदलला होता.