हात पोचण्याआधीच बोटं तयार: मेंदूचं नियोजन मोबाइलच्या कॅमेऱ्यावर कसं पाहायचं

टेबलावरचं लिंबू उचलायला हात निघाला की बोटं वाटेतच लिंबाच्या मापाने उघडतात आणि पोचता पोचता मिटू लागतात. वस्तूला हात लागायच्या आधीच हे सगळं घडतं, म्हणजे माप ठरवलं ते डोळ्यांनी आणि मेंदूनेच. फ्रान्समधल्या मार्क झानरो यांनी १९८०च्या दशकात चित्रफितीची एकेक चौकट तपासून हे मोजलं. आज स्लो मोशन असलेला साधा मोबाइल पुरतो. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना एका तासिकेत करून दाखवता येईल असा हा प्रयोग आहे.

सामान: सोललेला शेंगदाणा, लिंबू, भरताचं हिरवं वांगं, फूटपट्टी, दोन लहान टिकल्या, गडद रंगाचं कापड. वांगं ७-८ सेंटिमीटर जाडीचंच घ्या. जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदच्या बाजूचं टपोरं वांगं भरताला उत्तम, पण इथे कामाचं नाही. ते चिमटीत मावत नाही, मग मूल पूर्ण पंजा लावतं आणि मापच घेता येत नाही.

विद्यार्थ्याला जमिनीवर बसवून समोर कापड अंथरा. दोन बाजूंना दोन खुर्च्या ठेवा, त्यांच्या पाठींवर लाकडी पट्टी टाका आणि कॅमेरा सरळ खाली पाहील असा मोबाइल बांधा. एक टिकली अंगठ्याच्या नखावर, दुसरी तर्जनीच्या नखावर लावा. सुरुवातीला चिमूट मिटलेली आणि कापडावर टेकलेली हवी. वस्तू तिथून ३० सेंटिमीटर पुढे ठेवा. "घे" म्हटलं की नेहमीच्या वेगाने उचलायचं. प्रत्येक वस्तूच्या पाच फेऱ्या घ्या, पण क्रम उलटसुलट ठेवा.

मोजायचं असं. सेकंदाला २४० चौकटी घेणारा मोबाइल चित्रीकरण आठपट संथ दाखवतो. समजा संथ चित्रात हात २.० सेकंदाला हलला, चिमूट ६.३ला सर्वांत जास्त उघडली आणि ८.४ला बोटं लिंबाला टेकली. हात हलल्यापासून चिमूट सर्वांत जास्त उघडेपर्यंत ४.३ सेकंद, बोटं टेकेपर्यंत ६.४ सेकंद. ४.३ भागिले ६.४, म्हणजे ०.६७. निरोगी हाताचं उत्तर साधारण ०.६ ते ०.८च्या दरम्यान येतं. गुणोत्तरच काढायचं असल्यामुळे मोबाइल किती पट संथ दाखवतो याने फरक पडत नाही. दुसरं माप चिमटीच्या सर्वांत मोठ्या रुंदीचं, म्हणजे दोन टिकल्यांमधल्या अंतराचं. ती वस्तूपेक्षा नेहमी मोठी असते, आणि वस्तू १ सेंटिमीटरने वाढली की ती साधारण ८ मिलिमीटरने वाढते.

आकडे विचित्र आले तर बहुतेक वेळा दोष मांडणीचा असतो. फूटपट्टी कापडावर ठेवून मोजलं की अंतर फुगतं, कारण हात कॅमेऱ्याच्या जास्त जवळ असतो. पट्टी हाताच्या उंचीवर धरून एकदा चित्रित करून घ्या. ट्यूबलाइटच्या उजेडात संथ चित्र लुकलुकतं, म्हणून खिडकीजवळ दिवसा करा. लिंबू गडगडत असेल तर खाली बांगडी ठेवण्याचा मोह होईल, पण मग मूल बांगडी चुकवायला बोटं वेगळीच वळवतं. लिंबाचा तळ किंचित कापून सपाट करा.

आता तेच डोळे मिटून: वस्तू पाहायची, डोळे मिटायचे, मग हात न्यायचा. चिमूट जास्त रुंद उघडते. वाटेत दुरुस्ती करायला नजर नसल्याने मेंदू चुकीसाठी जागा राखून ठेवतो.

ही आखणी कुठे होते? डोक्याच्या मागच्या भागात दृश्य पोचलं की तिथून माहिती वरच्या पॅरायटल भागाकडे जाते. हात कुठे न्यायचा आणि बोटं कशी उघडायची, ही दोन कामं तिथले बऱ्याच अंशी वेगळे भाग पाहतात. पुढे कपाळामागच्या भागात हालचालीचा आराखडा पक्का होतो आणि उजव्या हाताचा आदेश मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूने सुटतो. अनुमस्तिष्क, म्हणजे मेंदूचा मागचा खालचा भाग, ती हालचाल अपेक्षेप्रमाणे होते का हे पडताळत राहतं. पॅरायटल भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना वस्तू नीट दिसते, तिचं नावही सांगता येतं, तरी हात बाजूला जातो. रुडॉल्फ बालिंट यांनी १९०९ साली असा रुग्ण नोंदवला. उलट प्रकारही आहे: मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर यांच्या १९९१च्या अभ्यासातल्या रुग्णेला फट आडवी की उभी हे सांगता येत नव्हतं, पण पत्र मात्र ती फटीत बरोबर टाकत होती.

वजनाचा अंदाजही आधीच बांधलेला असतो. एकसारखे दोन स्टीलचे डबे घ्या. एकात किलोभर दादर ज्वारी भरा, दुसरा रिकामा. विद्यार्थ्याने भरलेला डबा चार-पाच वेळा उचलला की त्याची पाठ वळवून रिकामा ठेवा. हात झटक्यात वर जातो! दुसऱ्या उचलीला मात्र जोर सुधारलेला असतो. झाकण घट्ट लावा, आणि दाण्यांचा आवाज ऐकू येऊ देऊ नका; तेवढ्यावरून मुलं ओळखतात.

आकारात लहान-मोठे पण वजनात तंतोतंत सारखे डबे केले तर लहान डबा जड वाटतो. फ्रेंच वैद्य शार्पांतिये यांनी हा भ्रम १८९१ साली मांडला. गंमत अशी की काही उचलींनंतर बोटांचा जोर दोन्हींना सारखा होतो, तरी लहान डबा जडच वाटत राहतो. तराजूवर दाखवूनही फरक पडत नाही.

पकडीच्या जोराचे प्रयोग मे महिन्यात दुपारी करू नका. जळगाव-भुसावळच्या उन्हात बोटं घामेजतात, घसरण बदलते आणि मेंदू त्याप्रमाणे पकड बदलतो. सकाळी, हात धुऊन पुसून करा. घसरण मुद्दाम दाखवायची असेल तर एका पेल्याला तेलाचा हात लावा: तेवढ्याच वजनाला बोटांची नखं जास्त पांढरी पडलेली दिसतील. पेला निसटू लागला की पकड आपोआप आवळते, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच, म्हणजे ठरवून आवळण्यापेक्षा लवकर. काचेचा पेला या कामाला वापरू नका.