टगबोटीच्या दांड्याच्या नळीतून शिरणारे पाणी

संचातून बांधलेली माझी रेडिओ-नियंत्रित टगबोट शिशाचे वजन भरून जलरेषेपर्यंत (पाण्याची पातळी जिथे यायला हवी तिथपर्यंत) बसवली, तेव्हा तिच्या तळाशी पाणी साचू लागले. मोटर बंद ठेवून बोट टबात सोडली आणि सुकाणूच्या व पंख्याच्या दांड्याच्या नळीखाली टिश्यू पेपरचे तुकडे ठेवले. पंख्याकडचा तुकडा आधी ओला झाला. टगबोटीचा पंखा मोठा आणि खोल असल्याने नळीचे आतले तोंडही जलरेषेखाली राहते, आणि दांडा व बुश (नळीच्या टोकाशी दांड्याला आधार देणारे कडे) यांच्यातील फटीतून पाणी आपली पातळी गाठेपर्यंत आत येते.

ही फट बंद करायला घट्ट ओ-रिंग (रबरी कडे) बसवली तर घर्षण वाढून मोटर जास्त करंट खेचते, म्हणून मी नळीत ग्रीस भरण्याचा मार्ग पत्करला. दांडा काढून पितळी नळीच्या मध्यावर छिद्र पाडले, आतली कड कानशीने साफ करून कीस झटकला आणि छिद्रावर एक बारीक नळी उभी बसवली. तिचे वरचे टोक जलरेषेच्या वर ठेवले. जोड एपॉक्सीचाच केला, कारण प्लास्टिकच्या तळात बसलेल्या नळीला डाख देणे म्हणजे तळच वितळवणे. मग दांडा परत घालून, नळीच्या दोन्ही टोकांना दिसेपर्यंत सिरिंजने जलरोधक ग्रीस भरले.

शेवटी मोटर आणि दांडा जोडणारे कपलिंग सैल करून दोन्ही एका रेषेत आणले. तिरका दांडा बुश लंबगोल झिजवतो आणि मग ग्रीसही टिकत नाही. आता तळ्यावर जाण्यापूर्वी सिरिंजचा एखादा दाब पुरतो. बाहेर आलेले ग्रीस मात्र पुसून घ्यावे, नाहीतर पाण्यावर तवंग येतो.