फ्लूची लस दवाखान्यात सांभाळताना

इंदुरात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून लस एप्रिल-मे मध्ये टोचलेली बरी. नेमकी तेव्हाच गर्मी आणि वीज जाणं, दोन्ही!

लस २ ते ८ अंशांतच ठेवायची. दवा बाजारातून राजेंद्र नगरला स्कूटरवर आणताना फ्रीझरमधला बर्फाचा पॅक तसाच डब्यात टाकू नका. आधी बाहेर ठेवा. हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरा, आणि लस आणि पॅक यांच्या मधे पुठ्ठा घाला. उन्हाइतकीच भीती गोठण्याचीही, कारण गोठलेली लस दिसायला बरीच वाटते. लस गोठली होती का हे कुपी हलवून पाहण्याची चाचणी इथे कामाची नाही. ती ॲल्युमिनियमयुक्त लसींसाठी आहे. गोठल्याची शंका आली तर फेका.

फ्रीजच्या दारात लस नको, तिथे पाण्याच्या बाटल्या भरा. वीज गेल्यावर त्याच थंडावा धरतात. थर्मामीटर मधल्या कप्प्यात, नोंद सकाळ-संध्याकाळ.

६ महिने ते ८ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. पुढे दरवर्षी एक, कारण विषाणू रूप बदलतो.

हा दरवर्षीचा खटाटोप टळावा म्हणून आरएनए लसींवर (शरीराला विषाणूचं प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या लसी) काम चालू आहे. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या संशोधकांनी फ्लूच्या तेव्हा माहीत असलेल्या वीसही उपप्रकार-शाखांच्या प्रथिनांच्या सूचना एका एमआरएनए (आरएनएचाच प्रकार) लसीत घालून ती उंदीर आणि फेरेट (मुंगसासारखा छोटा प्राणी) यांच्यावर तपासली. तोवर फ्रीज सांभाळा.