अ‍ॅप बंद झालं, मग सट्टा गेला कुठं? ओळखायचं कसं आणि पैसे अडकले तर करायचं काय

2025 च्या ऑगस्टमधे संसदेनं ऑनलाइन मनी गेमवर (पैसे लावून खेळायच्या गेमवर) बंदीचा कायदा केला, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, ड्रीम11 सारख्या फँटसी क्रिकेट अ‍ॅपनी पैशांच्या कॉन्टेस्ट गुंडाळल्या आणि टीम इंडियाच्या जर्सीवरचं नावही गेलं. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतंय विषय संपला. अजिबात संपला नाहीये, बरीच पोरं तिथून उठून व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरच्या सट्ट्यात गेलीत. हे आधीच सुरू झालं होतं खरंतर, 2023 च्या एप्रिलपासून जिंकलेल्या पैशांवर 30 टक्के टीडीएस आणि ऑक्टोबरपासून डिपॉझिटवर 28 टक्के जीएसटी लागला, तेव्हापासूनच देशाबाहेरच्या सट्ट्याच्या साइट "नो टॅक्स" म्हणत गिऱ्हाईक ओढत होत्या. नोव्हेंबर 2023 मधे सरकारनं महादेव नावाच्या सट्टा अ‍ॅपसकट 22 अ‍ॅप आणि साइट ब्लॉक केल्या, पण अशांचं काय, एक लिंक गेली की नावात एखादा आकडा बदलून दुसरी येते.

आता ओळखायचं कसं. कोणी "आयडी (म्हणजे सट्ट्याचं खातं) घे, मिनिमम डिपॉझिट, 24 तास विथड्रॉल" म्हणाला की थांबा. युजरनेम पासवर्ड चॅटवर येतो, केवायसी नाही, आणि पैसे टाकायला जो क्यूआर पाठवतात त्यावर नाव बघा, कंपनीचं नसतं, कुणातरी साध्या माणसाचं असतं आणि पुढच्या वेळी नाव बदललेलं असतं. माझ्या मते ही सगळ्यात पक्की खूण. ही खाती भाड्यानं घेतलेली असतात, त्यामुळे कोणी तुमचं खातं किंवा सिम "थोडे दिवस" मागितलं तर सरळ नाही म्हणा, केस खातेदारावर येते. जाहिरात स्पोर्ट्स न्यूजच्या नावानं दिसली तरी लिंक कुठं नेते ते बघा. आणि रील करणाऱ्यांनो, अशा जाहिरातीला नवीन कायद्यात 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड आहे.

जिंकलेले पैसे आले तरी सुटका नाही, हे लोकांना कळतच नाही. विथड्रॉल म्हणून आलेली रक्कम कधी कधी दुसऱ्याच कुणाच्या फसवणुकीची असते, त्या माणसानं तक्रार केली की पैसे जिथं जिथं फिरले ती खाती होल्डवर जातात, म्हणजे गोठवली जातात, आणि त्यात तुमचं पगाराचं खातंही सापडतं. असं झालं तर ब्रँचमधे जाऊन कुठल्या राज्याच्या सायबर सेलनं होल्ड लावलाय, किती रकमेवर आणि तक्रार नंबर काय, हे लेखी मागा. मग त्याच सेलला स्टेटमेंट जोडून लिहा. कोणी एजंट "खातं सोडवून देतो" म्हणून पैसे मागेल, देऊ नका.

तुमचेच पैसे बुडाले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. चॅट डिलीट करू नका, यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा नंबर), क्यूआरचा स्क्रीनशॉट, समोरचा नंबर सगळं ठेवा. "आधी टॅक्स भरा मग विथड्रॉल" म्हणाले तर एक रुपयाही टाकू नका. घाबरून गप्प बसू नका, केंद्राच्या या कायद्यात शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही (राज्यांचे जुगारबंदी कायदे वेगळे, म्हणून गरज वाटली तर वकिलाला विचारा).

घरातलं कोणी यात अडकलं असेल तर उधारी फेडायला त्याच्या हातात पैसे देऊ नका, यूपीआयची लिमिट कमी करून घ्या, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लावा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.