टीसीई घटलं म्हणजे जिवाणूंनी मोडलं, असं धरू नका

पीएचडीला लागले तेव्हा अवघड काम क्लोनिंगचं, अशी माझी समजूत होती. टोल्युइन मोनोऑक्सिजनेज या विकराची (एन्झाइमची) जनुकं ई. कोलाय या जिवाणूत घातली, की धातूवरचं ग्रीस धुवायला कारखाने वापरतात ते ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे टीसीई, बाटलीतून जायला हवं. गेलंही. जीसीवरचा, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफवरचा, टीसीईचा पीक रोज खुजा होत होता. चार महिने मी तेच आलेख गाईडना दाखवले.

मग कुणीतरी विचारलं, "मारलेल्या पेशींची बाटली कुठंय?" ती लावली. मेलेल्या पेशी काही मोडत नाहीत, तरी तिच्यातलंही जवळपास तितकंच गेलं होतं.

टीसीई ८७ अंशांना उकळतं, पण पाण्यातून उडायला त्याला उकळावं लागत नाही. ते बाटलीतल्या मोकळ्या हवेत जातं, रबरी बुचात मुरतं, सेप्टम, म्हणजे नमुना काढायला सुई टोचतो ती झाकणाची चकती, तिच्या भोकातून निसटतं. मी रोज त्याच बाटलीतून नमुना घ्यायचे, म्हणजे रोज नवं भोक. टेफ्लॉनचं अस्तर असलेलेच सेप्टम घ्या. प्रत्येक वेळेला वेगळी बाटली ठेवा, एकदा टोचली की ती बाद. शेजारी नुसतं माध्यम, मारलेल्या पेशी आणि रिकाम्या प्लाझ्मिडच्या (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या कड्यात आपलं जनुक न घातलेल्या) जिवंत पेशी, अशा तिन्ही बाटल्या लागतात. आणि क्लोराइड मोजाच. एका रेणूत ३ क्लोरीन असतात. ते पाण्यात उतरलेले दिसले तरच रेणू मोडला म्हणा. एलबी या जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या माध्यमात हे जमत नाही, त्यातल्या मिठात तुमचं क्लोराइड बुडून जातं. क्लोराइड नसलेलं माध्यम जुळवायला मला दोन आठवडे लागले.

सिनियरचा तयार प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलू नका. माझ्या हाती आलेला कापडाच्या रंगांसाठी होता. रंग उडून जात नाही, तिथं कापसाचं बूच चालतं. गाईड निवडताना एवढंच बघा, की आलेखाआधी ते कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या बाटल्या, विचारतात का.

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी घ्या, जनुकं बदललेल्या जिवांसाठीच्या १९८९च्या नियमांत ती लागते.

काही तासांत वेग मंदावला तर खचू नका. टीसीई मोडताना मध्येच तयार होणारं इपॉक्साइड हे विषारी संयुग त्याच पेशींना मारतं. तुमचं क्लोनिंग चुकलेलं असेलच असं नाही.

दुसऱ्या फेरीत टीसीईची घट फारच थोडी आली. पण क्लोराइड वाढलं होतं, आणि मारलेल्या पेशींत वाढलं नव्हतं. गाईडकडे जाण्याआधी मी ती फेरी आणखी दोनदा लावली.