जीप दारात आणण्याआधी

जुनी फौजी जीप बघायला जाताना टॉर्च, तारेचा ब्रश, डिझेलची छोटी बाटली, दोन फडकी आणि गाडीखाली शिरायला एक पोतं, एवढं सोबत घ्या. पैसे घरी ठेवा. बघायला गेलो त्या दिवशी सौदा करायचा नाही, हे निघतानाच ठरवलेलं बरं, कारण बाभळीखाली तीस वर्षं उभी असलेली जीप पहिल्यांदा दिसते तेव्हा माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. माझं राहिलं नव्हतं.

तिथे पोचलात की बॉनेट उघडायच्या आधी पुढून खाली वाका. रेडिएटरच्या खाली चासीच्या दोन दांड्यांना जोडणारा आडवा दांडा असतो. तो गोल पाइप असेल तर चासी अमेरिकेच्या विलीज कंपनीची, पालथ्या पन्हाळीसारखा चौकोनी असेल तर फोर्डची. दुसऱ्या महायुद्धात विलीजच्या नमुन्यावर फोर्डनेही जीपा बनवल्या. दोघांच्या मिळून सहा लाखांवर गेल्या. फोर्डवाल्यांनी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी एफ अक्षर उठवलंय. डिझेल लावून ब्रश फिरवायचा, पुसायचं, टॉर्च तिरका धरायचा. मळ आणि ग्रीसच्या थराखालून ते अक्षर वर आलं की फोर्डची निदान एक तरी वस्तू गाडीत आहे, एवढं नक्की. त्यापुढचं नक्की नाही. कारण आपल्याकडची जीप ही बहुधा चार जीपांची मिळून झालेली असते: चासी एकीची, बॉडी दुसरीची, गिअरबॉक्स तिसरीचा आणि इंजिन कुठल्या तरी डिझेल गाडीचं. लढाईतल्या जीपच्या ग्रिलला नऊ फटी आणि नंतरच्या मुलकी जीपला सात, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ग्रिल म्हणजे पत्रा, चार बोल्ट काढले की बदलता येतो. मागे फाळकं आहे का, ते बघा. युद्धातल्या जीपला मागे उघडणारं फाळकं नव्हतंच. आणि चासीचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून, कागदावर पेन्सिल घासून त्याचा ठसा घ्या. फोर्डचा नंबर इंजिनाशेजारी डाव्या दांड्याच्या वरच्या बाजूला ठोकलेला असतो. विलीजची पट्टी डाव्या दांड्याच्या आतून, बंपरच्या मागे रिव्हेटने बसवलेली असते, आणि ती बहुतेकदा कुणीतरी काढून नेलेली असते.

बॉनेट उंच असेल तर ती महिंद्राची सीजे थ्रीबी. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, आणि पुढे ही उंच बॉनेटची जीप आपल्याकडे इतकी चालली की मराठवाड्यात पुढाऱ्यापासून पाटबंधारेवाल्यांपर्यंत सगळे तिच्यातच फिरले. फौजेतही ती होतीच. पहिलीच गाडी असेल तर माझं मत हिच्याच बाजूने. सामान मिळतं, मेस्त्रीला ती समजते, आणि चुकलात तरी दिवाळं निघत नाही. लढाईतली अस्सल जीप दुसऱ्या खेपेला घ्या.

विकणारा एक गोष्ट हमखास सांगेल: "ही पोलीस ॲक्शनमध्ये आलेली गाडी हाय." बीड, धाराशिव, जालना, कुठेही जा, ही गोष्ट आहेच. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्याने निजामाच्या हद्दीत आलं, १५ तारखेला औरंगाबाद पडलं, १७ ला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. त्या चार-पाच दिवसांत जेवढ्या जीपा मराठवाड्यात आल्या असतील त्याच्या दहापट आज त्या नावाने विकायला आहेत. गोष्ट चहा पीत मन लावून ऐका, वहीत लिहूनही ठेवा, पण तिच्यासाठी रुपया जास्त देऊ नका. विकणाऱ्याच्या वडिलांनी गाडी कोणाकडून घेतली आणि त्याचा एखादा चिटोरा आहे का, एवढंच विचारा.

फौजेच्या दुसऱ्या दोन गाड्या, जोंगा आणि शक्तिमान, यांचं थोडक्यात सांगतो. जोंगा हे नाव जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलंय. मूळ गाडी निसानची, सहा सिलिंडरचं ३,९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन. देखणी आहे, दणकट आहे, आणि पेट्रोल असं पिते की पंपावरचा पोरगा तुम्हाला नावाने ओळखायला लागतो. शक्तिमान हा जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून बनलेला ट्रक. तो घ्यायचा तर आधी शेतात जागा, मग घरच्यांची परवानगी, मग गाडी. फौजेच्या निकामी गाड्या आता एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून निघतात, पण तिथे एकट्यादुकट्या हौशी माणसापेक्षा भंगारवाले जास्त. गाडी त्यांच्याकडून घेतलीत तर लिलावाची पावती आणि सुटकेचा कागद मूळ प्रतीत मागा. झेरॉक्सवर भागवू नका.

कागदांचा विषय निघालाच आहे, तर इथे जरा थांबू. माझी पहिली जीप मी एका ओळखीच्या एजंटाकडून घेतली. आरसीवरचा नंबर आणि चासीवरचा नंबर यात एका आकड्याचा फरक होता. तीनचा आठ. "लिहिताना चुकलं असेल, होऊन जाईल," तो म्हणाला. दोन वर्षं मी चकरा मारल्या, गाडी ताडपत्रीखाली तशीच, आणि शेवटी सुटे भाग म्हणून विकली. म्हणून तो पेन्सिलीचा ठसा. तो आरसीशी जुळला नाही तर चहाचे पैसे द्या आणि घरी या.

जुळला, तरी तीन गोष्टी आधी आरटीओत जाऊन विचारा. एक म्हणजे इंधन. आपल्याकडच्या निम्म्या जीपांच्या आरसीवर डिझेल लिहिलंय, कारण पेट्रोल परवडेना म्हणून कधीतरी प्यूजोचं इंजिन टाकलं. तुम्ही मूळ पेट्रोल इंजिन परत बसवणार असाल तर तो बदल आरसीवर चढवावा लागतो. बसवून झाल्यावर नाही, आधी परवानगी. दुसरी गोष्ट व्हिंटेज नोंदणी. जुलै २०२१ मध्ये केंद्राने त्याचे वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली, मूळ रूपात राखलेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर २० हजार रुपये भरून १० वर्षांसाठी नोंदणी होते आणि नव्याने दिलेल्या नंबरात व्हीए अक्षरं येतात. त्यात जिल्ह्याचा आकडा नसतो, पण आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, त्यामुळे एमएच २१ किंवा २६ वर जीव असेल तर तो सोडायची गरज नाही. आणि ही गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. लग्नाच्या वरातीत मिरवायची असेल तर हा रस्ता आपला नाही. यात फौजी गाडीचा एक पेच आहे: ५० वर्षं मोजायची ती नोंदणीपासून, आणि फौजेतून सुटलेल्या गाडीची मुलकी नोंदणी पुष्कळ उशिराची असते. काउंटरवर कागद दाखवून विचारा, अंदाजावर जाऊ नका.

तिसरी गोष्ट रंग. यावरून हौशी लोक सगळ्यात जास्त चिडतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कोणाला लावता येत नाही. छटा जरा वेगळी आहे हे रस्त्यात उन्हात उभं राहून हवालदाराला पटवून दाखवा बरं. मी माझी दुसरी जीप वाळूच्या रंगात केली. उत्तर आफ्रिकेत इंग्रजांनी तशा वापरल्या होत्या, त्यामुळे इतिहासही शाबूत राहतो. वर फौजी गाड्यांसारखा बाणाचा नंबर रंगवणं, युनिटची चिन्हं काढणं, कुठून तरी बंदुकीचा सांगाडा आणून जोडणं, हे उद्योग करू नका.

मग जागा. शेड पत्र्याचं चालेल, पण खाली मुरूम ठोकून काँक्रीट हवं. आपल्या काळ्या मातीवर जॅक लावला की उन्हाळ्यात भेगेत आणि पावसाळ्यात चिखलात जातो, आणि वर अकराशे किलोची गाडी. जॅकवर विसंबून खाली झोपायचं नाही. जाडजूड लाकडी ठोकळे सुतारांकडून आधीच करून घ्या. विटा अजिबात नकोत, विट फुटताना आवाज देत नाही. गाडी आणायला ४०७ सांगा. छोट्या हत्तीला हे वजन झेपत नाही. टोचन करून आणायचा मोह होईल, पण तीस वर्षं उभ्या गाडीचे ब्रेक नसतात आणि टायर वाटेत फुटतात. चढवायला रॅम्प नसेल तर शेताचा बांध शोधा. ४०७ चं मागचं तोंड बांधाला लावलं की चार माणसं आणि एक कासरा, झालं काम.

पान्यांचा वेगळा खर्च धरा. या जीपा इंची आहेत. चौदा-पंधराचा पाना "बसतोय की" म्हणून लावलात की बोल्टचं डोकं गोल झालंच समजा. जुन्या मेस्त्र्यांकडे सुताचे पाने असतात, ते विकत मागा. नवी पिढी त्यांना भंगारात घालते. जोंगाला उलट, मिलिमीटरचे. खोलायला सुरुवात कराल त्या दिवशी एक वही, मोबाइल आणि पिशव्यांचा गठ्ठा जवळ ठेवा. प्रत्येक जोड सोडण्याआधी फोटो, सोडल्यावर नटबोल्ट पिशवीत आणि पिशवीत चिठ्ठी. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, पेनाची शाई तेलाने उडते. सगळे बोल्ट एका तेलाच्या डब्यात टाकून मी एकदा अख्खी दिवाळी त्यांच्या जोड्या लावण्यात घालवली आहे.

दोन कामं मात्र स्वतः करू नका. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी वेल्डिंगखाली धरायची नाही. आतली वाफ वर्षानुवर्षं राहते आणि टाकी बाँबसारखी फुटते. ते काम पाणी भरून, वाफ घालवून करणाऱ्या माहितगाराचं. दुसरं चाकाचं. लढाईतल्या जीपची रिम दोन तुकड्यांची असते आणि ते तुकडे बोल्टने आवळलेले असतात. मी पाना लावला, आणि आमचे चाचा, जे एरवी कधी आवाज चढवत नाहीत, ते शेडच्या दारातून ओरडले, "नक्को! पयले हवा निकालो, फिर बोल्ट को हात लगाओ!" आत हवा असताना तो शेवटचा बोल्ट सुटला असता तर रिमचा तुकडा माझ्या छातीत आला असता. वॉल्व्हची पिन काढायची, हवा पूर्ण जाऊ द्यायची, वरून तार घालून बघायचं, मग पाना. आणि ब्रेकच्या ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

लढाईतल्या जीपच्या इंजिनाला फारसं घाबरू नका. २,१९९ सीसी, साइड वॉल्व्ह, साठ हॉर्सपॉवर, सगळं हाताला येणारं. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग कोणत्याही जिल्ह्याच्या गावात होतं. भीती पेट्रोलची आहे. त्यात आता वीस टक्के इथेनॉल, त्यातलं काही आपल्याच कारखान्यांच्या उसाचं, आणि ते जुनं रबर खातं. पंपाचा पडदा, नळ्या, वॉशर सगळं इथेनॉलला टिकणारं आधीच आणून ठेवा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी उपसा. इथेनॉल पाणी ओढतं, पावसाळ्यात तर फारच. बोअरचं पाणी रेडिएटरला दाखवूसुद्धा नका. चुन्याचा थर ब्लॉकमध्ये बसला की मे महिन्यात गाडी पाच किलोमीटरवर उकळते. या लढाईतल्या जीपचं वायरिंग सहा व्होल्टचं आहे, म्हणजे तेवढ्याच कामाला करंट दुप्पट, म्हणून केबल जाड. बॅटरीवाला "बारा टाका ना साहेब" म्हणेल. टाकायची असेल तर डायनमो, बल्ब, सेल्फ यांचा विचार आधी करा, नंतर नाही.

पत्राकाम आणि रंग दिवाळी ते संक्रांत या काळात ठेवा. उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर धूळ येते आणि ओल्या रंगावर बसते. नवीन बॉडी फिलिपिन्समध्ये बनते, पण आणणावळ आणि कस्टम ऐकून मी गप्प बसलो आणि गावातल्या पत्रेवाल्याकडून जमिनीचा पत्रा तेवढा नवा टाकून घेतला. हूड ताडपत्रीवाल्याकडे शिवा, फक्त त्याला जुन्या हुडाचा एक तुकडा नेऊन द्या. रंगवण्याआधी एक दिवस काढून अहिल्यानगरला रणगाड्यांच्या संग्रहालयात जा. तिथे जीपा बघायच्या नसून रिव्हेट, कड्या आणि स्टेन्सिलची अक्षरं बघायची. रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे, तिच्यापुढे माझा अर्धा तास गेला.

पैशाचं म्हणाल तर गाडीची किंमत वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि तेवढेच बाजूला ठेवा. मला दीडपट लागले. वही बायकोला दिसेल अशा जागी ठेवायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी गाडी शेडच्या बाहेर काढा. वाळूची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी, पोरं लांब. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. इंजिन फिरवायचं हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत वळवू नका, आणि हँडल खालून वर ओढा, वरून दाबू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो, चाचांचा मोडलेला आहे. स्विच बंद ठेवून दहा-बारा फेरे मारा, तेल वर चढू द्या. मग आत बसलेल्याला सांगा, स्विच टाक.