उपग्रहाच्या बॅटरीवर काम करायचंय? इंदूरच्या मुलांसाठी थोडं अनुभवाचं

एमएस्सी करणारी आपली इंदूरची मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: अवकाशयानाच्या लिथियम बॅटरीत जायचं तर नवं मटेरियल कोणतं धरू? मी म्हणतो, मटेरियल नंतर. आधी त्या बॅटरीला वर काय सोसावं लागतं ते बघा.

पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह साधारण ९५ मिनिटांत एक फेरी मारतो आणि बहुतेक कक्षांमध्ये त्यातली तीसेक मिनिटं सावलीत जातात. म्हणजे दिवसाला १५ वेळा डिस्चार्ज, १५ वेळा चार्ज. वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास. म्हणूनच तिथे क्षमतेच्या २०-३० टक्केच वीज उपसतात. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहाला ग्रहण लागतं (तो पृथ्वीच्या सावलीत जातो) ते विषुवदिनांच्या आगेमागे, वर्षाला नव्वदेक वेळा, जास्तीत जास्त ७२ मिनिटं. तिथे चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या कमी, उपसा खोल. तेव्हा ‘सगळ्यात चांगला सेल कोणता’ असं कुणी विचारलं, तर आधी कक्षा विचारा.

आता एक हिशोब स्वतः करून बघा. अशा प्रत्येक फेरीत उरलेल्या क्षमतेचा फक्त हजारावा भाग कायमचा गेला, तरी हजार फेऱ्यांनंतर हातात ३७ टक्के उरते. वर जाऊन सेल बदलता येत नाही. या क्षेत्राची सगळी शिस्त इथून येते.

ती शिस्त हाताला लागते ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत, चाचणीचे छोटे सेल बनवताना. आत आर्गॉन, ओलावा आणि ऑक्सिजन १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भागाच्या) खाली. जाड रबरी हातमोज्यांतून चिमट्याने लिथियमची चकती उचलायची, वर सेपरेटर (दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा पातळ पडदा), इलेक्ट्रोलाइटचे मोजके थेंब, मग इलेक्ट्रोड, आणि क्रिंप, म्हणजे दाबून सेल बंद. चकतीची चकाकी गेलेली दिसली तर ती बाजूला टाकायची, मोह करायचा नाही. एकाच दिवशी केलेल्या दहा सेलांचे चार्ज-डिस्चार्जचे आलेख एकमेकांवर बसायला लागले, की आपला हात बसला असं समजा. मला तो आनंद अजून नवा वाटतो.

‘प्रोबा-१’चं उदाहरण मी सगळ्यांना देतो. युरोपचा हा छोटा उपग्रह २००१ मध्ये आपल्या पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून गेला. बॅटरी लिथियम-आयन, तीही बाजारातल्या छोट्या सेलांची, पण पारखून जुळवलेल्या. मोहीम दोन वर्षांची ठरली होती. उपग्रह वीस वर्षांहून जास्त काळ चालला.

इंदूरमध्ये राहून बरंच करता येतं. आरआरकॅट या अणुऊर्जा विभागाच्या संशोधन केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन (तीव्र क्ष-किरण देणारं यंत्र) आहे, त्याच्या क्ष-किरणांनी इलेक्ट्रोडची रचना तपासता येते. बीमटाइमसाठी, म्हणजे त्या यंत्रावर वेळ मिळवायला, प्रस्ताव गाइडमार्फत टाका. सिमरोलला आयआयटी आहे, खंडवा रोडला यूजीसी-डीएईचं संशोधन केंद्र. पुढे कारैकुडीची विद्युतरसायनशास्त्राची राष्ट्रीय संस्था सेक्री, आणि इस्रोचे सेल जिथे विकसित झाले ते इस्रोचंच तिरुवनंतपुरमचं केंद्र व्हीएसएससी. रसायनशास्त्रवाल्यांनी इस्रोची फक्त सामायिक इंजिनिअर भरती बघत बसू नये, केंद्रांच्या स्वतंत्र जाहिरातीही वाचाव्यात.

आणि पीएचडीसाठी लॅब निवडताना एक प्रश्न नक्की विचारा: सायकलरचे (सेल पुन्हापुन्हा चार्ज-डिस्चार्ज करून मोजणाऱ्या यंत्राचे) किती चॅनल मला मिळतील, आणि किती महिने सलग? ज्या लॅबमध्ये दर पंधरा दिवसांनी दुसऱ्याचा नंबर लागतो, तिथे दीर्घ आयुष्याच्या चाचण्या होत नाहीत.